घरचा मामला वॉर्डापर्यंत येतो: बेळगाव भागातल्या रुग्णालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्हा व सीमाभागातील सरकारी आणि खासगी रुग्णालयांचे प्रमुख, वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते, तालुका आरोग्य अधिकारी आणि डॉक्टर संघटनांचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

बेळगावात एखाद्या डॉक्टर बाईला घरी मार बसला, तर तिने दाखवायला जायचे कुठे? कॅज्युअल्टीत बसलेला इंटर्न तिचा विद्यार्थी असतो. हाडांचे डॉक्टर नवऱ्याच्या बॅचचे. एक्स-रे काढणारा टिळकवाडीत तिच्याच गल्लीत राहतो. सकाळी केसपेपर निघाला की दुपारच्या चहापर्यंत बातमी कॅम्पातून वडगावात पोचते. म्हणून ती कुठेच जात नाही. सॅम्पलच्या ड्रॉवरमधली वेदनाशामक गोळी घेते, ॲप्रनखाली पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालते आणि आठच्या ड्युटीला हजर होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इथे तोंडही तिचे तीच दाबून धरते. आणि तिथून थेट पेशंटपाशी जाते, म्हणून हे पत्र तुम्हाला.

लिहिणाऱ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, कौटुंबिक खटले चालवणारे वकील आणि समुपदेशक आहेत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा आमचा कामाचा पट्टा. आमचे म्हणणे एवढेच: तिने तोंड उघडण्याआधीच तिला आडोसा मिळेल असे नियम करा, आणि ते सगळ्या कर्मचाऱ्यांना सारखे लावा.

शिकलेल्या, कमावत्या बाईला असे काही सोसावे लागत नाही, ही समजूत आधी सोडावी लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचा आकडा २९.३ आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या रुग्णालयात ४७१ महिला आरोग्य कर्मचाऱ्यांना हाच प्रश्न विचारला गेला. त्याआधीच्या एका वर्षात जोडीदाराकडून हिंसा झालेल्या दर दहांत एकीहून जास्त निघाल्या. ब्रिटनमध्ये २०२१ साली २१ महिला डॉक्टरांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या. लाज, एकटेपणा, बोभाटा होण्याची धास्ती आणि नोकरीवर गदा येईल ही भीती, यांनीच त्यांची मदतीची वाट अडवली होती. या चारही गोष्टी आपल्याकडे आहेतच, वर गाव लहान.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा मोजतो. डॉक्टरांच्या घरात चौथीचे रूप वेगळे असते. खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याची नोंदणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बाळंतपणे तिने करायची, पगार मात्र नाही, कारण ‘आपलेच तर आहे’. सोनोग्राफी मशीनच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही तिची. पदवीचे मूळ प्रमाणपत्र आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी लॉकरमध्ये, चावी त्याच्याकडे. जायचे नाव काढले की एकच धमकी: ‘हिचे डोके ठिकाणावर नाही असे कौन्सिलला कळवतो.’ झोप येत नाही म्हणून तिने कधी मानसोपचार घेतले असतील, तर ही धमकी जास्तच बोचते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. तो डॉक्टर पेशंटलाही आहे, हे डॉक्टरच विसरतात.

आता वॉर्ड. लेबर रूमचे उदाहरण घेऊ, कारण तिथे चूक भरून काढायला वेळ मिळत नाही. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट, द्यायचे आहे. पहिला डोस शिरेतून ४ ग्रॅम, शिवाय दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. आपल्याकडच्या ५० टक्क्यांच्या २ मिली अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असते. म्हणजे शिरेसाठी ४ अँप्यूलचे ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन, असे २० मिली करून सावकाश द्यायचे. कुल्ल्यांसाठी आणखी १० अँप्यूल, पातळ न करता. एकूण १४ अँप्यूल फोडायच्या, दोन वेगळ्या रीतीने भरायच्या आणि कुठली सिरिंज कुठे जाणार हे डोक्यात ठेवायचे. या वेळात खिशातला फोन चौथ्यांदा थरथरतो. ‘कुठे आहेस, व्हिडिओ कर.’ मोजणी आठवर होती की नऊवर? पातळ न केलेली सिरिंज शिरेत गेली तर श्वास बंद पडू शकतो. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम देण्याआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या वर आहेत का, लघवी तासाला ३० मिलीहून जास्त आहे का, हे पाहायचे असते. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हातून यातले एक तरी सुटते, आणि सुटले हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मुलांच्या ओपीडीत चूक लहान दिसते. पॅरासिटामॉलचे सिरप दोन ताकदींचे मिळते: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५०. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम लागते, म्हणजे पहिल्याचे ६ मिली किंवा दुसऱ्याचे ३. कागदावर नुसते ‘६ मिली’ लिहिले आणि दुकानदाराने जास्त ताकदीचे दिले, की डोस दुप्पट. ही चूक थकलेला कुणीही डॉक्टर करेल. रोज रात्री जागणाऱ्या, दाराच्या आवाजाने दचकणाऱ्या डॉक्टरकडून ती होण्याची शक्यता जास्त, इतकेच.

यावर उपाय म्हणून काही प्रमुख तिचा फोन काढून घेतात. असे करू नका. फोन उचलला नाही तर घरी गेल्यावर जाब द्यावा लागतो, आणि तो जाब शब्दांत नसतो. त्याऐवजी नियम सर्वांसाठी करा: मॅगसल्फ, रक्त, भूल, लहान मुलांची इंजेक्शने आणि ड्युटी बदलताना पेशंट सोपवणे, या वेळी खोलीतल्या प्रत्येकाचा फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये. नियम फलकावर लावा, खाली तुमची सही असू द्या. मग तिला घरी सांगता येते, ‘सर्वांनाच आहे, साहेबांचा नियम.’ शिवाय अँप्यूल दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने मोजायच्या आणि रिकाम्या अँप्यूल केसपेपरवर नोंद होईपर्यंत किडनी ट्रेमध्येच ठेवायच्या. सिरप लिहिताना मिलिग्रॅम, मिली आणि बाटलीची ताकद तिन्ही लिहायची. याला पैसा लागत नाही. ज्यांच्या घरी काहीच घडत नाही त्यांच्याही चुका यात पकडल्या जातात.

एक खूण मात्र उलटी वाचली जाते. उशिरा येणारी, रडणारी, रजा मागणारी डॉक्टर लक्षात येते. जी रजाच मागत नाही, दुसऱ्यांच्या रात्री मागून घेते, दिवाळीतही वॉर्ड सोडत नाही, तिचे निरोप समारंभात कौतुक होते. तिच्यासाठी रुग्णालयातली रेझिडेंटची खोली ही गावातली सर्वांत सुरक्षित जागा असू शकते. सलग तिसरी रात्र कुणी मागितली तर कारण न विचारता नकार द्या, आणि त्या रात्री झोपायला खोली द्या. दोन्ही एकत्र द्या. नुसता नकार म्हणजे तिला घरी ढकलणे.

पेशंटच्या घरची हिंसा ओळखण्यावरही याचा परिणाम होतो, तो दोन्ही बाजूंनी. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ असतात. डॉक्टर ते पाहते आणि पुढे सरकते, कारण विचारले की स्वतःलाही उत्तर द्यावे लागेल. कधी ती तेच सांगते जे तिला तिच्या आईने सांगितलेले असते: ‘जरा सांभाळून घे.’ कधी उलट, पेशंटची तयारी नसताना ‘आजच घर सोड’ म्हणते, आणि घर सोडण्याची वेळच सर्वांत धोक्याची असते. काही जणी स्वतः सोसल्यामुळे पेशंटचे जास्त नेमके ऐकतात, हेही खरे. म्हणून हे काम एकीच्या स्वभावावर सोपवू नका, ठरलेली रीत द्या. लघवी तपासायच्या निमित्ताने बाईला एकटीला आत घ्या, सोबतच्या सासूला बाहेर बसवा. साधे विचारा: ‘घरात कोण मारतंय काय गं?’ ती बोलली तर मध्ये तोडू नका. आज घरी जाण्यात धोका आहे का, घरात शस्त्र आहे का, गळा दाबला होता का, हे विचारा. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि पीडित बायकांना मदत करणाऱ्या सखी केंद्राची माहिती तिच्या हातात कागद न देता सांगा, कारण कागद घरी सापडतो.

गळ्याबद्दल जास्त लिहितो, कारण यात डॉक्टरच डॉक्टरला ओळखत नाहीत. गळा दाबल्याच्या निम्म्या तरी घटनांत बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज बसलेला, गिळताना दुखते, पापणीच्या आत बारीक लाल ठिपके, घटनेतले काही क्षण आठवत नाहीत, लघवी सुटून गेली होती. यांपैकी काहीही असेल तर ती ‘सर्दी’ नाही. मानेतल्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो, त्यामुळे मानेची सीटी अँजिओग्राफी करायची की नाही हा निर्णय त्याच दिवशी घ्यावा. ज्या नवऱ्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका अमेरिकेतल्या अभ्यासात सुमारे सातपट आढळला. डोक्याला मार बसलेल्या डॉक्टरने त्या दिवशी शस्त्रक्रिया करायची नाही. बदली डॉक्टर मिळत नसेल तर यादी पुढे ढकला.

तपासणी आणि कागद. कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही दुखापतीचा केसपेपर वेगळ्या क्रमांकाने, कुलूपबंद कपाटात ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू करा. तपासणारा डॉक्टर तिने निवडलेला असू द्या. तिला शेजारच्या रुग्णालयात जायचे असेल तर दोन रुग्णालयांनी आपसांत तशी बोली करून ठेवा. नोंद तिच्या शब्दांत: ‘नवऱ्याने लाथ मारली असे सांगते.’ कुणाचे मन राखायला ‘पडल्याचा इतिहास’ लिहिलात तर न्यायालयात तोच कागद तिच्यावर उलटतो. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, शरीराच्या आकृतीवर खूण, तिची परवानगी असेल तर मोजपट्टी ठेवून फोटो. रंगावरून वळ किती दिवसांचा ते ठामपणे लिहू नका, तसे सांगता येत नाही. आणि रिपोर्टचा एसएमएस कुठल्या नंबरवर जातो ते तपासा. आभा हा आरोग्य खाते क्रमांक, विमा, प्रयोगशाळा, सगळीकडे नवऱ्याचाच मोबाइल जोडलेला सापडतो.

कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली एक तरतूद आपल्या बहुतेक कॅज्युअल्टींत माहीत नाही. कलम ७ नुसार पीडित बाईला वैद्यकीय मदत नाकारता येत नाही. २००६ च्या नियमांतला सतरावा नियम पुढे जातो: घरगुती घटनेचा अहवाल आधी झाला नसेल तर वैद्यकीय केंद्राच्या प्रमुखाने फॉर्म १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. कर्नाटकात संरक्षण अधिकाऱ्याचे काम महिला व बालविकास खात्याच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सीडीपीओकडे असते. फॉर्म जाण्याआधी तो कुठे जाणार, कोण वाचणार, हे तिला सांगा आणि तिचा पत्ता व फोन तिला विचारूनच लिहा.

इथे भाषेचा मुद्दा येतो. सीमावाद या पत्रात आणायचा नाही, पण कागद कन्नडमध्ये असतो ही रोजची गोष्ट आहे. कोल्हापूर-सांगलीकडून लग्न होऊन आलेली डॉक्टर ओपीडीपुरते कन्नड बोलते, पोलीस ठाण्यातला जबाब तिला वाचता येतोच असे नाही. सही करण्याआधी तो समजावून घेणे हा तिचा हक्क आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट वाचणारी एक परिचारिका किंवा समाजसेविका प्रत्येक रुग्णालयात नेमून ठेवा. ती नवऱ्याची नातेवाईक नाही एवढे पाहा. हसू नका, आपल्या गावांत ते पाहावेच लागते.

माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात असले की पहिला प्रश्न येतो तो ‘तक्रार कुठे?’ कायद्याच्या कलम २७ नुसार ती तात्पुरती जिथे राहते किंवा जिथे नोकरी करते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो, आणि आदेश भारतभर लागू होतो. गडहिंग्लजला मिळालेला आदेश बेळगावात चालतो. क्रूरतेच्या फौजदारी तक्रारीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितले: आसरा घेतला तिथे तक्रार करता येते. क्रूरतेचे हे कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. अर्जाची पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असे कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून वेळ जातो, म्हणून वकिलाने पहिल्याच अर्जासोबत फॉर्म ३ चे प्रतिज्ञापत्र जोडून कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावा. त्यात डॉक्टरसाठी दोन गोष्टी विसरू नयेत. कलम १८ खाली तिच्या नोकरीच्या जागी यायला त्याला बंदी घालता येते. तिथे रुग्णालयाचे आणि क्वार्टर्सचे नाव स्पष्ट लिहावे. कलम १९ खाली तिचे स्त्रीधन आणि इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश मिळतो. त्यात पदवी आणि नोंदणीची मूळ प्रमाणपत्रे एकेक करून नमूद करावीत. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा कायद्याने बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर कान धरून सांगतो: मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारी खासगी रुग्णालयेही आहेत. मग एक कुलूप नवऱ्याचे आणि दुसरे तुमचे. मूळ कागद परत द्या, साक्षांकित प्रती ठेवा, आणि मागितल्यास त्याच दिवशी त्या प्रतींचा संच द्या. पगाराचे खाते बदलायला साधा अर्ज पुरेसा असावा, बदल त्याच महिन्यात व्हावा, पगारपत्रक तिने दिलेल्या ईमेलवरच जावे.

ड्युटीचा तक्ता व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो आणि त्या गटात तिचा नवराही असतो, कारण तोही डॉक्टर. तक्ता नोटीस बोर्डवर नको, गटावर नको, ज्याचा त्याला पाठवा. टेलिफोन ऑपरेटरला एकच वाक्य शिकवा: ‘कोण ड्युटीवर आहे ते फोनवर सांगत नाही, निरोप द्या.’ विचारणारा कुणीही असो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातल्या आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरवर बलात्कार आणि खून झाल्यानंतर कॅमेरे आणि रखवालदार वाढले. केंद्रीय आरोग्य खात्याने ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास संस्थाप्रमुखाने ६ तासांत एफआयआर करावा असा आदेश आपल्या संस्थांना दिला. तीच शिस्त इथे लावायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त हे लक्षात घ्या की रखवालदार अनोळखी माणसाला अडवतो; ‘मॅडमचे मिस्टर’ म्हटले की दार उघडतो.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या प्राथमिक केंद्रांचे दुखणे वेगळे. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात फोनची रेंज जाते, क्वार्टर केंद्राच्या मागे एकटे, आणि डॉक्टर एकच. ती दोन दिवस नाही आली तर केंद्र बंद, म्हणून ती येतच राहते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी शेजारच्या दोन केंद्रांची जोडी लावून बदलीची नावे आधीच ठरवावीत, आणि क्वार्टर बदलून मागितल्यास कारण लेखी मागू नये.

निघायचे ठरले तर वाटेतही तिचा माग निघतो. गाडीचा फास्टॅग नवऱ्याच्या नंबरवर असला की हत्तरगी आणि कोगनोळी नाक्यांवर पैसे कापल्याचा मेसेज त्याला जातो; ती कोल्हापूरच्या रस्त्याला लागली हे त्याला तिथेच कळते. बसने जायचे तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेचे बायकांसाठीचे मोफत तिकीट राज्याच्या आत आणि कर्नाटकचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर. आधारवर अजून माहेरचा पत्ता असेल तर तेही नाही. म्हणून थोडी रोख रक्कम आणि कागदांच्या प्रती एखाद्या मैत्रिणीच्या कपाटात असाव्यात. पासवर्ड सुरक्षित जागी पोचल्यावर बदलावेत, आधी बदलले तर संशय येतो.

रजेबद्दल. न्यूझीलंडने २०१९ पासून घरगुती हिंसा सोसणाऱ्यांसाठी वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा दिली आहे. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मासिक पाळीसाठी वर्षाला १२ दिवसांची रजा मंजूर केली, म्हणजे असे काही इथे होऊच शकत नाही असे नाही. राज्याचा नियम येईपर्यंत प्रत्येक रुग्णालयाने ‘सुरक्षा रजा’ हे नाव न देता वर्षाला १० दिवस कारण न विचारता द्यावेत. नाव दिले की नोंद होते, नोंद झाली की कळते.

शेवटची विनंती करड्या आवाजात करावी लागते, कारण हे चांगल्या मनानेच केले जाते. कळल्यावर नवऱ्याला बोलावून घेऊन ‘दोघे शिकलेले आहात, मिटवा’ असे सांगू नका. तुमच्या केबिनमध्ये तो हात जोडतो. रात्री घरी काय होते ते तुम्ही पाहत नाही. ती स्वतः म्हणत नाही तोवर नवऱ्याशी, सासऱ्याशी, संघटनेतल्या त्याच्या मित्रांशी एक शब्दही नको. आणि ८ मार्चला गुलाब वाटण्याआधी फोनचा ट्रे आणि कुलूपबंद कपाट एवढे तरी झाले आहे का, ते पाहा.

यातले काय करणार आणि कुठल्या वॉर्डापासून, हे आम्हाला लेखी कळवावे. उत्तरात कुणा डॉक्टरचे नाव विचारू नये. आम्ही देणार नाही.

आपले,
सीमाभागातले काही डॉक्टर, परिचारिका, वकील आणि समुपदेशक
बेळगाव